सुभेदारांच्या पलंगाचा चौथा गोळा

आमच्या काकूच्या घरात रिकामं भांडं हा अपराध होता. शेजारणीनं तांब्याभर ताक पाठवलं, तर तो तांब्या परत जाताना त्यात मूठभर शेंगा, दोन लिंबं, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर तरी पडायचीच. साखर रेशनवर मिळायची त्या लढाईच्या दिवसांतही काकूनं हा नेम मोडला नाही. फक्त चिमूट लहान झाली. फळीवरच्या रिकाम्या डब्यांतसुद्धा ती चार-चार दाणे टाकून ठेवायची. त्यामुळे आमच्याकडचे उंदीर फार फिरस्ते होते, कुठल्याही एका डब्यात त्यांचं पोट भरत नसे. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर लोक माझ्या डोक्यावर फोडतात. मी नव्वदीला टेकले तरी अजून फोडतात. माझं म्हणणं असं, की निम्मी जबाबदारी काकूची होती.

मी मूळची कोरेगावची. आमचे दादा, म्हणजे वडील, तिथे ऊस करायचे. गावात मुलींना पुढचं शिक्षण नव्हतं म्हणून मला साताऱ्याला त्यांच्या थोरल्या भावाकडे ठेवलं. हे आमचे आबा. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पलटणीतून शिल्लक उरलेली सगळी शिस्त काकूवर, माझ्यावर आणि म्हशीवर खर्च व्हायची. दिवस उगवायच्या आधी आबा ओसरीवर येऊन शिट्टी वाजवायचे. शिट्टी झाली की काकू चुलीपुढे, मी अंगणात आणि म्हैस गोठ्यात, तिघीही आपापल्या जागी ताठ. म्हैस तर शिट्टीशिवाय पान्हाच सोडत नसे. एकदा आबा तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा काकूला दातांत शिट्टी धरून धार काढावी लागली होती. मग भाकरी थापल्याचे आवाज, आबांच्या बुटांच्या टाचा आणि त्यांच्यामागे घंगाळात पाणी ओतल्याचा आवाज. न्याहारीला बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि कोरेगावहून दादांनी पाठवलेला घेवडा असेल तर त्याची आमटी. ती आमटी आठवली की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. आता डॉक्टरांनी घेवडा बंद केलाय, पण आठवणीवर त्यांचं काही चालत नाही.

घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे आबांचा पितळी पलंग. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून तो त्यांनी घेतला होता. चार खांब, चार खांबांवर लिंबाएवढे चार गोळे. दर रविवारी आबा चिंच आणि राख घेऊन ते गोळे स्वतःच्या हातानं घासायचे, त्यात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. काकू म्हणायची, "माझ्याकडं जलमात एवढं बघितलं न्हाई." आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि गोळ्यावर हाऽ करून वाफ सोडायचे.

आता माझं पाप. मी मॅट्रिकच्या वर्षाला होते आणि आम्हाला जोगळेकर मास्तर विज्ञान शिकवायचे. बारीक, काटकुळे, कोटाच्या खिशात कायम खडूचा चुरा. शाळेत उपकरणं जवळजवळ नव्हतीच. मास्तर कचकड्याची फणी स्वतःच्या उरलेल्या चार केसांवर घासायचे आणि टेबलावरचे कागदाचे कपटे उचलून दाखवायचे. "केस कमी आहेत, त्यामुळे वीजही कमी," असं गंभीरपणे म्हणायचे. वर्गातल्या बाकीच्या मुली हसायच्या. मी नाही हसले. कागदाचा कपटा कुणी हात न लावता उडी मारतो, हे बघून माझं मन जागचं हललं. आजपर्यंत ते पुन्हा जागेवर बसलेलं नाही.

घरी येऊन मी प्रयोग सुरू केले. मास्तर म्हणाले होते, भेंडाचे दोन हलके गोळे रेशमी दोऱ्यानं टांगायचे. दोघांना सारखी वीज दिली की ते एकमेकांपासून दूर पळतात, वेगवेगळी दिली की एकमेकांकडे धावतात. भेंड कुठून आणायचं? मग मी माळ्यावरच्या पेटीतलं आबांच्या लग्नातलं बाशिंग काढलं आणि त्याचं भेंड कोरलं. काकूनं ते पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. "इंदे, बाशिंग कुरतडलंस? आता तुझं लगीन कसं जमायचं?" मी म्हटलं, "काकू, बघ तरी. हे दोघं एकमेकांपासनं कसं पळत्यात." काकूनं पाहिलं आणि म्हणाली, "बाशिंगाचंच हायत. पळणारच."

मास्तरांनी आणखी एक नियम सांगितला होता. अंतर दुप्पट केलं की जोर पावपट होतो, तिप्पट केलं की नववा हिस्सा. मला तो इतका आवडला की मी तो आबांच्या रागावर लावून पाहिला. आबा ओसरीवरून ओरडत असताना मी मोजून पावलं टाकत फाटकापर्यंत गेले. नियमाप्रमाणे तिथे त्यांचा राग फार तर सोळावा हिस्सा उरायला हवा होता. तसं काही झालं नाही. तो आवाज परेडच्या मैदानासाठी घडवलेला होता, त्याला अंतराशी देणंघेणं नव्हतं. विद्युतक्षेत्र मात्र मला आबांमुळेच समजलं. मास्तर म्हणायचे, भाराच्या भोवती काही दिसत नाही, पण त्या जागेत दुसरं काही आणलं की त्याला ओढ लागते किंवा धक्का बसतो. आबा गल्लीच्या टोकाला असायचे, अजून दिसायचेही नाहीत, तरी आमच्या घरात काकू पदर सारखा करायची आणि म्हैस कान टवकारायची. पुढे चाळीस वर्षं मी मुलांना विद्युतक्षेत्र शिकवलं, ते याच उदाहरणावर.

त्याच हिवाळ्यात लोणंदचं स्थळ आलं. तिथल्या कांद्याच्या मोठ्या अडत्याचा मुलगा, घरदार चांगलं, आणि मुलाची आई हौसाबाई स्वतः बघायला येणार. उघड बघायला नव्हे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून येणार आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून जाणार. माझी मावशी सांगलीला राहायची. तिनं पत्र धाडलं होतं की इंदूला कॉलेजसाठी माझ्याकडे पाठवा, जागा आहे. आबांनी दोन्ही गोष्टी ओसरीवर बसून एका हुकुमात बसवल्या. "लोणंदवाल्यांनी पसंत केली तर उन्हाळ्यात बार उडवायचा. न्हाई केली तर सांगलीचं बघू." म्हणजे माझं कॉलेज हौसाबाईंच्या नापसंतीवर टांगलं गेलं. साऱ्या साताऱ्यात नापास होण्यासाठी देवाला नारळ बोललेली मुलगी मी एकटीच असेन. पण रात्रंदिवस जी धास्ती होती, ती मात्र हसण्यासारखी नव्हती. आपण पुस्तक मिटतोय आणि ते पुन्हा कधीच उघडणार नाही, असं वाटायचं.

धास्ती विसरायला मी कामाला लागले. मास्तरांनी वीज साठवायच्या बरणीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं होतं. काचेची बरणी, तिला आतून आणि बाहेरून पोटापर्यंत धातूचा पातळ पत्रा, लाकडी झाकणातून आत गेलेली सळई, सळईला खाली साखळी आणि वर धातूचा गुळगुळीत गोळा. "ही कुणी करून आणली तर मी तिला माझ्याकडचं विजेचं पुस्तक कायमचं देईन," असं ते म्हणाले. बरणी मिळाली ती काकूच्या वाणातून. त्या संक्रांतीला तिनं वाण लुटायला छोट्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या, तिळगूळ भरून द्यायला. त्यातल्या त्यात मोठी मी उचलली. चहाच्या खोक्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असायचा, तो वाण्यानं दिला. खळ लावून मी तो बरणीला आतबाहेर चिकटवला. साखळी मोडक्या लामणदिव्याची. झाकण सुतारानं करून दिलं. राहिला गोळा. टोकदार काही चालणार नाही, टोकातून वीज निसटते, असं मास्तरांनी बजावलं होतं. गुळगुळीत हवा. आणि आमच्या घरात गुळगुळीत गोळे एकाच ठिकाणी होते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला शिट्टी वाजली. अंगणात आम्हा तिघींना रांगेत उभं केलं.

"काल सांजच्याला चार गोळे हुते," आबा म्हणाले. "आज तीन हायत. कुणाला काय सांगायचंय?"

"आवं, म्हशीला कशाला उभी केलीया?" काकूनं विचारलं.

"ती बी ह्याच घरची हाय."

म्हशीनं काही सांगितलं नाही. मीही नाही. आबांनी आठवडाभर तपास केला. गोठा झाला, परसातली राख चाळून झाली, एकदा तर शेणाच्या गोवऱ्या फोडून पाहिल्या. काकूच्या डब्यांची फळी तेवढी राहिली, तिकडे ते कधी फिरकत नसत. रविवारी ते तीनच गोळे घासायचे आणि चौथ्या खांबापाशी आले की थोडा वेळ हात मागे बांधून उभे राहायचे. त्यांना तसं बघून मला खरंच वाईट वाटायचं. पण गोळा बरणीवर इतका शोभत होता की मी तो काढला नाही.

बरणीत वीज भरायची रीत अशी. काकूच्या एका जुन्या परातीत मी लाख आणि राळ वितळवून ओतली होती. तिची गार, काळी, गुळगुळीत वडी झाली होती. ती घोंगडीनं घासायची. घोंगडी माणदेशातल्या धनगराकडून घेतलेली, थंडीत डोक्यावरून ओढली की तिच्यातून चट्‌चट् आवाज निघायचा. घासून झालं की लाखेवर पितळी तबक ठेवायचं, त्याला बोट लावायचं, बोट काढायचं, आणि तबकाला मूठ म्हणून मधोमध चिकटवलेली काचेची बाटली धरून ते उचलायचं आणि गोळ्याजवळ न्यायचं. चट्. एक ठिणगी आत गेली. पुन्हा तबक, पुन्हा बोट, पुन्हा चट्. गंमत म्हणजे लाखेतली वीज यात खर्ची पडतच नाही. एकदा घासलं की कितीतरी वेळ पुरते.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पाहते तर माझ्या बरणीत तिळगूळ. मी काकूला विचारलं तर ती म्हणाली, "रिकामी बरणी संक्रांतीला घरात ठिवायची व्हय?" मी वाद घातला नाही. आत काय आहे याला महत्त्व नाही, आतला पत्रा महत्त्वाचा, हे मला माहीत होतं. मी दोन वड्या खाल्ल्या आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, हळदीकुंकवाच्या आधी, मनाला विरंगुळा म्हणून मी माजघरात बसून बरणी भरत बसले. साठपर्यंत मोजलं. तेवढ्यात काकूनं नऊवारी नेसायला हाक मारली. बरणी मी फळीवर ठेवली आणि गेले. ती रिकामी करून ठेवायला हवी होती, हे खरं. पण रिकामं ठेवायचं नाही, हे त्याच घरानं मला शिकवलं होतं.

बायका जमल्या. माजघर सकाळीच सारवलेलं, त्याच्या मध्यावरची ओल अजून गेली नव्हती, भिंतीकडेनं जाजमं. हौसाबाई दुपारच्या गाडीनं आल्या होत्या. धिप्पाड, कपाळभर कुंकू, हातात गोठ-पाटल्या, आणि बाजाराच्या दिवशी अख्ख्या अडतीला ऐकू जावा असा आवाज. मला काकूनं आधीच बजावलं होतं: नजर खाली, तोंड बंद. मी नजर खाली घालून हळद लावत होते. एकेकीला वाण देत काकू हौसाबाईंपाशी पोचली आणि तिच्या हातात मला माझी बरणी दिसली.

"ही खास तुमच्यासाठी इंदीनं सजवलीया," काकू कौतुकानं सांगत होती. "भवतीनं चांदीचा कागद बघा, वर पितळंचा गोळा. लय हौस हाय पोरीला कलाकुसरीची."

इतके दिवस ती बरणी फळीवर बघून काकूचा असा समज झाला होता. पलंगाच्या गोळ्यांना तिला कधी हात लावू दिला नव्हता, त्यामुळे हा त्यातलाच एक हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी होणाऱ्या सासूसाठी वाण सजवतेय, असं समजून बिचारी मनातल्या मनात हरखली होती. हौसाबाईंनी बरणी डाव्या तळहातावर घेतली. आमच्याकडे भरलेलं वाण हातात आलं की त्याला हळदीकुंकू लावून मगच पदराआड घेतात. हौसाबाईंनी उजवं बोट करंड्यात बुडवलं. ते बोट गोळ्याकडे जायला दोन क्षण लागले असतील. त्या दोन क्षणांत मी ओरडू शकले असते. मी ओरडले नाही. तोंड बंद ठेवायचा हुकूम होता, हे कारण मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं, की आता ही बाई मला जन्मात पसंत करणार नाही, हे मला लख्ख दिसलं होतं.

फट्ट असा आवाज झाला. हौसाबाई बसल्या जागी वीतभर उंच झाल्या आणि परत पाटावर आल्या. कुंकवाचा करंडा कलंडला. काकूच्या तोंडाचा आ झाला. हौसाबाईंनी आधी बरणीकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग माझ्याकडे.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "काय भरलंय ह्यात?"

"तिळगूळ हाय वो," काकू रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तिळगूळ असा चावत न्हाई." आणि त्यांनी पुन्हा बोट लावलं. या वेळी चिट् असं बारीक काहीतरी झालं. काचेत थोडीशी वीज मागे राहिलेली असते. हौसाबाईंचा चेहरा उतरला. "संपलं वाटतं," त्या हळहळून म्हणाल्या.

गडबड ऐकून आबा ओसरीवरून आत आले. हळदीकुंकवात पुरुषानं यायचं नसतं, पण घरात गोळीबारासारखा आवाज झाल्यावर सुभेदार बाहेर बसणार कसे? ते दारात थांबले. त्यांनी बायकांकडे पाहिलं नाही, हौसाबाईंकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे सरळ बरणीच्या टोकावर गेले.

"ह्यो माझा गोळा," ते म्हणाले.

आबांनी बरणी घेतली, गोळ्याला चारी बोटांनी धरून हलवून पाहिलं. त्यानं झटका दिला असं बायका एका सुरात सांगत होत्या, पण आता अर्थातच काही झालं नाही. "कसला झटका न् कसलं काय," ते म्हणाले. "बायकांना उगंच भास हुत्यात."

हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. "सुभेदार, भरल्या बंदुकीला घाबरायचं सोडून रिकामीला हात लावून काय दावताय? पोरीला भरू द्या. मग धरा."

झालं. नवीकोरी नऊवारी, नाकात नथ, आणि मी भर माजघरात मांडी घालून लाख घासतेय. भोवती पंचवीस बायका. साठ ठिणग्या ठरल्या आणि त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. तीसच्या पुढे कुणाचा तरी आकडा चुकला, दोन तट पडले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली. त्यामुळे बरणी ठरल्यापेक्षा बरीच जास्त भरली. हात चालू असताना हौसाबाई मला विचारत होत्या. ही वीज बाहेर का येत नाही? आत आणि बाहेर दोन्हीकडं पत्रा कशाला? नजर खाली घालायचं मी विसरूनच गेले. म्हटलं, "काकी, अंतरपाट असतोय न्हवं? अलीकडं नवरी, पलीकडं नवरा. दोघांना एकमेकांची ओढ, पण मधी कापड. इथं काच हाय. काच जेवढी पातळ, तेवढी ओढ जास्त, तेवढी वीज जास्त मावती. पत्रा जेवढा रुंद, तेवढीबी जास्त मावती. आणि आपण एक हात बाहेर न् एक हात गोळ्याला लावला, की अंतरपाट धरल्यालाच राहतोय न् नवरी बाजूनं पळत जाऊन गाठती." बायका खो खो हसल्या. आबा हसले नाहीत. ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. बंदुकीचे भाग सांगणाऱ्या नव्या रंगरुटाकडे ते तसेच बघत असतील.

मग हौसाबाईंनी टूम काढली की एकट्या सुभेदारांनी का, सगळ्यांनीच धक्का घेऊ. हातात हात धरायचे, एका टोकानं बरणी धरायची, दुसऱ्या टोकानं गोळ्याला बोट लावायचं. आबांनी बरणी धरली. आता त्यांचा दुसरा हात कुणी धरायचा? परक्या बायका धरणार नाहीत. सगळ्यांच्या माना काकूकडे वळल्या. काकू लाजून चूर झाली. लग्न होऊन तीस वर्षं झाली असतील, चारचौघांत तिनं आबांचा हात कधी धरला नव्हता. "आवं, बघत्यात समद्या," ती पुटपुटली. "हुकूम हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांचे कान लाल झाले होते. मी शपथेवर सांगते.

गोल जुळला. हौसाबाईंनी गोळ्याला बोट लावलं.

सगळ्या मिळून अशा उडाल्या की फळीवरचे डबे वाजले. आबांचा फेटा सुटून गळ्यात आला. पण बरणी त्यांनी सोडली नाही. हत्यार टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकूनंही हात सोडला नाही, धक्का ओसरून गेला तरी सोडला नाही. मधल्या ओलसर जमिनीवर उभ्या असलेल्या दोघी-तिघी म्हणाल्या की आम्हाला काहीच लागलं नाही, आणि टोकाच्या बायका त्यांच्यावर धावून गेल्या. ओल्या सारवणातून वीज परस्पर निसटली होती, पण ते कुणाला समजावणार? त्या गदारोळात हौसाबाईंनी येऊन माझी हनुवटी धरली. "सुभेदार, मला हीच सून पायजे," त्या गर्जल्या.

नापास व्हायला निघालेली मी पहिल्या नंबरानं पास झाले होते. मी कुणाला न सांगता परसात गेले, लाकडांच्या ढिगावर बसले आणि नथ काढून रडले. आतून आबांचा आवाज येत होता. अंतराशी त्याला देणंघेणं नव्हतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हौसाबाई, तुमी पसंत केलं, मान हाय. पण अर्धवट शिकल्याला रंगरूट मी कुणाच्या ठाण्यात धाडत न्हाई. त्याच्या हातातली बंदूक तरी काढून घेता येती. हिच्या हातातली कशी काढायची? बरणी, परात, घोंगडी, समद्यांच्या घरात हाय. आता हिला पुरी शिकवायची, न्हाईतर माझ्याच घरात डांबायची. दुसऱ्याच्या घरी जोखीम न्हाई पाठवायची."

"मग शिकवा की पुरी. किती दिस लागत्यात?"

"मॅट्रिकच्या म्होरं चार वर्सं. सांगलीत."

मग हौसाबाईंचं मोठं हसू. "चार वर्सं माझं पोरगं कुठं थांबतंय, सुभेदार? घोडनवरा हुईल त्येचा." आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "जाऊ दे तिला. पण बरणी मी न्हेणार. वाण हाय माझं. दिल्यालं वाण मागारी घेत न्हाईत." आबा काहीतरी गोळ्याबद्दल बोलायला गेले असावेत, कारण काकूचं "आवं" असं एकच शब्दाचं दटावणं ऐकू आलं, आणि गोळा लोणंदला गेला.

पुढे आबा वारेपर्यंत तीनच गोळे घासत राहिले. चौथ्या खांबावर काकूनं घासून गुळगुळीत केलेली करवंटी बसवली होती. मास्तरांनी पुस्तक दिलंच. बरणी प्रत्यक्ष पाहिली नाही, पण साक्षीदार पंचवीस आहेत, असं म्हणाले. आणि जूनमध्ये मी ट्रंक घेऊन सांगलीला मावशीकडे उतरले. तिथे कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत बरणी पाच मिनिटंही वीज धरत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं आणि फार अपमान वाटला. पण मी राहिले, शिकले, आणि त्याच गावात कॉलेजात शिकवायला लागले. परवा पंखा बंद पडला तेव्हा दुरुस्तीला आलेला मुलगा मला म्हणाला, "आजी, कंडेन्सर गेलाय, तुम्हाला नाही कळायचं." कंडेन्सर म्हणजे माझी बरणीच, बोटाएवढी झालेली; पण मी त्याला नुसता चहा दिला. एवढं वय झाल्यावर एखाद्याला असं सोडून देता येतं.

एक प्रसंग मात्र लिहिल्याशिवाय हे प्रकरण मिटवता येत नाही. मी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. आबा-काकू दोघंही नव्हते. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत एक मुलगी तिथल्या माझ्या खोलीच्या दाराशी आली. दोन वेण्या, पायांत धुळीनं माखलेल्या चपला, आणि काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. तिनं ते माझ्या टेबलावर सोडलं. शिशाचा पत्रा काळा पडला होता, एका बाजूनं सुटला होता. वरचा गोळा मात्र लखलखत होता. कुणीतरी तो चिंच आणि राख लावून घासत आलं होतं. बरणीत ताज्या तिळगुळाच्या वड्या होत्या, भर जूनमध्ये.

"मी लोणंदच्या हौसाबाईंची नात," ती म्हणाली. "आजीनं सांगितलंय, रिकामी बरणी पाठवायची नसते म्हणून भरून दिलीय. पण ह्यातलं जे होतं ते तेव्हाच संपलं. आमच्याकडं कुणालाच भरता येत नाही. तेवढी भरून द्या."

"भरून देईन," मी म्हटलं. "पण लोणंदपर्यंत टिकणार नाही गं. गाडीतच निघून जाईल."

"ते आजीला ठाऊक आहे." तिनं नजर खाली घातली नव्हती. "वडील म्हणत होते, मॅट्रिक झाली, आता पुरे, यंदाच लग्न उरकून टाकू. तर आजीनं त्यांना सांगितलं, की ती बरणी भरून आणल्याशिवाय पोरीला परत बोलवायचं नाही. आणि ती भरायला चार वर्षं लागतात."

तिचे वडील म्हणजे तोच तो, चार वर्षं न थांबलेला मुलगा. मला एकदम इतकं रडू आलं की मी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर काहीतरी बघत असल्यासारखं केलं. मग डोळे पुसले, परत आले, आणि प्रवेशाचा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

"बरोबर सांगितलं आजीनं," मी म्हटलं. "चारच लागतात. तिळगूळ काढून घे आधी, आपण खाऊ."